हवेचा पॅडलबोर्ड की हार्ड बोर्ड? आधी टेप काढा, मग पैसे

पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्ह्याने पाण्यावर चालवायची फळी, घ्यायचं ठरलं की लोक आधी रंग बघतात, मग किंमत, मग सोबत काय काय फुकट मिळतंय ते. बोर्ड ठेवायचा कुठे हा प्रश्न पडतो तो घरी आणल्यावर. चुका होतात त्या या उलट्या क्रमामुळे. बोर्ड पाण्यावर आठवड्याला फार तर तीन-चार तास असतो, उरलेला वेळ तो भिंतीला टेकून, छताला लटकून किंवा पलंगाखाली गुंडाळून पडलेला असतो. म्हणून हवेचा (पंपाने फुगवायचा) की हार्ड (एकसंध, कडक) याचा निकाल निम्मा अधिक जमिनीवरच लागतो.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. माझा पहिला बोर्ड हार्ड होता, साडेदहा फुटी. राहायला दुसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या पहिल्या वळणावर बोर्ड आडवा जाईना, उभा केला तर वरच्या पायऱ्यांच्या तळाला टेके. शेवटी दोघांनी तिरका करून ढकलला आणि नाकाला चांगला रुपयाएवढा टवका उडाला. पाणी बघायच्या आधीच दुरुस्ती.

तेव्हा खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने जा. पहिल्या दोन टप्प्यांतच उत्तर मिळालं तर पुढचे तुलनेचे टप्पे नजरेखालून घालून थेट मापांवर आलात तरी चालेल.

टप्पा १: जागा मोजा

सर्वसाधारण वापराचा बोर्ड १० फूट ६ इंच लांब आणि ३२ इंच रुंद धरा. म्हणजे सुमारे ३२० सेंटिमीटर लांब, ८१ सेंटिमीटर रुंद. लांब पल्ल्याचे बोर्ड १२ फूट ६ इंच म्हणजे ३८० सेंटिमीटरच्या आसपास जातात.

हार्ड बोर्डचा विचार असेल तर ३२० सेंटिमीटरची कडक वस्तू तयार करा. दोन पाइप चिकटपट्टीने जोडा किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींना बांधा. दोरीने मोजू नका. दोरी वळणावर वळते, बोर्ड वळत नाही. ती काठी घेऊन फाटकापासून ठेवायच्या जागेपर्यंत खरोखर चालत जा: दार, जिना, लिफ्ट, बोळ, सगळं. रुंदी विसरू नका. काठी निघाली तरी ८१ सेंटिमीटरचं अंग निघेलच असं नाही.

ठेवायच्या जागेवर थेट ऊन नको आणि पत्र्याच्या छपराखालची भट्टीही नको. भिंतीवर टांगायचा असेल तर दोन आधार हवेत, दोन्ही टोकांपासून साधारण पाव-पाव लांबी आत, आणि त्यांवर मऊ वेष्टन.

हवेच्या बोर्डची पिशवी साधारण मोठ्या प्रवासी बॅगेएवढी होते, अंदाजे ९० सेंटिमीटर उंच. ती कपाटात जाते, पलंगाखालीही जाते. पण इथे लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे वाळवायची जागा. ओला बोर्ड गुंडाळून ठेवला की आठवड्याभरात कुबट वास आणि काळे ठिपके. गच्ची, अंगण किंवा लांबलचक व्हरांडा नसेल तर पाण्याकाठीच पुसून, वाळवून, मग गुंडाळायची सवय लावावी लागेल. तेवढा वेळ धरा.

तपासा: काठी ठेवायच्या जागेपर्यंत कुठेही न अडकता पोचली का? नसेल तर हार्ड बोर्डचा विषय इथेच संपला. "बघू, काहीतरी जमवू" यातून काही जमत नाही.

टप्पा २: घरापासून पाण्यापर्यंत

हार्ड बोर्डला गाडीच्या टपावर आडव्या दांड्या लागतात, नाहीतर पाण्याकाठी ठेवायची सोय. हवेचा बोर्ड डिकीत मावतो, बसनेही नेता येतो.

वजनाचा हिशेब मात्र लोक चुकवतात. फोमवर ग्लासफायबर आणि इपॉक्सीचा थर दिलेला हार्ड बोर्ड साधारण १० ते १४ किलोचा असतो. साच्यात ओतलेला प्लॅस्टिकचा बोर्ड २० किलोच्या पुढेही जातो. हवेचा बोर्ड नुसता ८ ते १२ किलोचा, पण पिशवीत पंप, वल्हं, फिन (बोर्डच्या तळाला लावायचा पर) आणि लीश (बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी) भरली की पाठीवर सहज १५ किलो येतात. म्हणजे "हवेचा हलका" हे अर्धसत्य आहे. तो उचलायला हलका नसतो, न्यायला सोपा असतो, कारण ओझं पाठीवर येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. हार्ड बोर्ड काखेत घेऊन वाऱ्यात दोनशे मीटर चालून बघा. वारा त्याला शिडासारखा फिरवतो आणि मनगट बोलायला लागतं.

आता वेळ. हातपंपाने फुगवायला १० मिनिटं आणि बराच घाम. परतताना हवा काढणं, पुसणं, गुंडाळणं यात आणखी १५ मिनिटं. हार्ड बोर्डला टपावर बांधायला-सोडायला तेवढाच वेळ जातो. पाणी दारातच असेल तर मात्र बोर्ड उचलला की तुम्ही पाण्यात. रोज सकाळी कामाआधी अर्धा तास उतरणाऱ्याने हवेचा बोर्ड घेतला, तर महिन्याभरात तो बोर्ड पिशवीतच राहायला लागतो, असं मी एकाहून जास्त लोकांच्या बाबतीत पाहिलं आहे. रोज फुगवलेलाच ठेवायची सोय असेल तर गोष्ट वेगळी, पण मग जागेचा फायदा गेला.

टप्पा ३: पाणी कोणतं?

शांत तळं, जलाशय, संथ खाडी: इथे दोघांतला फरक नवशिक्याला फारसा जाणवत नाही. नीट फुगवलेला चांगला हवेचा बोर्ड इथे पुरून उरतो.

खडक, उथळ नदी, दगडी काठ: हवेचा. तो आपटून उसळतो, हार्ड बोर्डला भेग जाते. फक्त खालचा फिन छोटा किंवा लवचीक हवा, नाहीतर पहिल्याच उथळ जागी फिन अडकतो, बोर्ड थांबतो आणि तुम्ही पुढे जाता.

लाटा: हार्ड. लाटेवर वळताना बोर्डची कड पाण्यात रुतावी लागते. हार्ड बोर्डची कड मागच्या बाजूला पातळ आणि धारदार घडवता येते. हवेच्या बोर्डची कड १५ सेंटिमीटर जाडीच्या गोल नळीसारखी असते आणि लाटेच्या उतारावर घसरते. छोट्या लाटांत मजा म्हणून चालेल, शिकायला नाही.

लांब पल्ला आणि वेग: बहुतेक वेळा हार्ड. प्रत्येक फटक्याला हवेचा बोर्ड किंचित वाकतो आणि सुटतो, त्यात तुमची थोडी ताकद वाया जाते. एका तासात कळत नाही, चौथ्या तासाला खांदे सांगतात.

वारा: हार्डला थोडं झुकतं माप. हवेचा बोर्ड जाड आणि पाण्यावर उंच तरंगणारा, त्यामुळे वारा त्याला जास्त पकडतो. उभा माणूस तसाही शीडच असतो. काठाकडून पाण्याच्या दिशेने वाहणारा वारा दोन्ही बोर्डांना सारखाच घातक. काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं आणि फसवतं.

मुलं, कुत्रं, बोर्डवर योगासनं: हवेचा. गुडघा आपटला तरी टेंगूळ येत नाही.

इशारा: वाहत्या नदीत घोट्याला बांधलेली लीश जीवघेणी ठरू शकते. ती फांदीत किंवा खडकात अडकली की प्रवाह तुम्हाला पाण्याखाली दाबतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेच्या पट्ट्याला लावलेली, एका झटक्यात सुटणारी लीशच हवी. शांत पाण्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, लाटांत सरळ. लाइफ जॅकेट तिन्ही ठिकाणी.

टप्पा ४: तुमचं वजन आणि बोर्डची मापं

हार्ड बोर्डसाठी ठोकताळा सोपा आहे. तुमचं वजन अधिक सामानाचं वजन किलोत घ्या आणि नवशिक्या असाल तर त्याच्या दुप्पट लिटर आकारमानाचा बोर्ड बघा. तुम्ही ७५ किलोचे, पाणी-पिशवी-जॅकेट मिळून १० किलो, म्हणजे ८५. बोर्ड साधारण १७० लिटरचा. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलो वजन पेललं जातं, म्हणून निम्मा बोर्ड तुम्हाला तरंगवायला आणि निम्मा स्थिरतेसाठी. हात बसला की हा आकडा कमी करता येतो.

हवेच्या बोर्डला हाच ठोकताळा लावला की लोक फसतात. साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड बोर्ड सहज ३०० लिटरचा भरतो. म्हणजे कागदावर तो १५० किलोला पुरतो. बुडणार नाही हे खरं, पण मधे वाकणार. हवेच्या बोर्डला तरंगण्याची अडचण नसते, अडचण असते ती केळ्यासारखं वाकण्याची. म्हणून तिथे लिटर बाजूला ठेवा आणि जाडी, रुंदी आणि दाब बघा.

जाडी: बोर्ड १०, १२ आणि १५ सेंटिमीटर अशा जाडीत मिळतात, म्हणजे ४, ५ आणि ६ इंच. १० सेंटिमीटरचा बोर्ड मोठ्या माणसाने घेऊ नये, तो स्वस्तात का मिळतोय हे उभं राहिल्यावर लगेच कळतं. ६५ किलोच्या आतल्या माणसाला १२ सेंटिमीटर बरा, कारण पाय पाण्याच्या जवळ राहतात आणि तोल सोपा जातो. त्यावर १५.

रुंदी: ३२ इंच बहुतेकांना ठीक. वजन ९० किलोच्या पुढे असेल किंवा पुढे मूल बसवायचं असेल तर ३३-३४. लहानखुऱ्या अंगाच्या माणसाने ३० इंचांचा विचार करावा. फार रुंद बोर्डवर पलीकडे वल्हं टाकताना कंबर मोडते.

बोर्डवर छापलेलं "कमाल वजन" हे बोर्ड बुडू नये एवढ्यापुरतं असतं. मी त्याचा दोन-तृतीयांश धरतो. १५० लिहिलं असेल तर माझ्या लेखी तो १०० किलोचा बोर्ड.

टप्पा ५: बनावट पाहा

हवेचा बोर्ड म्हणजे फुगा नव्हे. वरच्या आणि खालच्या कापडाच्या मधे हजारो दोरे उभे विणलेले असतात. हवा भरली की दोरे ताणतात आणि दोन्ही पृष्ठभाग सपाट राहतात. म्हणूनच त्यात गाडीच्या टायरच्या अर्ध्याहून कमी दाब असूनही तो फळीसारखा वाटतो. दुकानात गुंडाळलेल्या बोर्डाकडे बघून काहीही कळत नाही, तेव्हा फुगवून मागा. आणि मग या तीन गोष्टी बघा.

कडेची शिवण. वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतो तिथे पट्टी सर्वत्र सारख्या रुंदीची आणि नीट चिकटलेली हवी. नखाने कोपरा उचलून बघा. हवा बहुधा इथूनच जाते.

थर. एकच थर असलेला बोर्ड हलका आणि स्वस्त, पण लवकर वाकतो. दुहेरी थर दणकट आणि जड. कारखान्यात दोन थर उष्णतेने एकजीव केलेले असतील तर वजन आणि कडकपणा दोन्ही जमतात, किंमतही तशीच.

फिनचं खोबण. वेगळ्या कुठल्याच बोर्डला न बसणारं स्वतःचं खास खोबण असेल तर मी तो बोर्ड सोडून देतो. फिन हरवतोच, आणि मग सर्वमान्य मापाचा फिन बसत नाही.

वाकण्याची परीक्षा: बोर्ड १५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) फुगवून दोन्ही टोकांखाली पायरीएवढ्या उंचीचा आधार द्या आणि मधोमध उभे राहा. मधे पोट जमिनीकडे किती जातं ते बघा. दोन बोर्ड शेजारी असतील तर फरक ओरडून सांगतो.

हार्ड बोर्डमध्ये तीन जाती. इपॉक्सीचा बोर्ड हलका आणि चपळ, पण टवके उडणारा. साच्यातला प्लॅस्टिकचा जड आणि मार खाणारा, भाड्याने देणारे बहुधा तोच ठेवतात. वर मऊ गादी असलेला बोर्ड नवशिक्याला आणि मुलांना बरा. इपॉक्सी बोर्डला हवेचं छिद्र असतं, ते कुठलं आहे ते विचारून घ्या. आतला फोम तापला की त्यातली हवा पसरते आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर वरचा थर फुगून सुटतो. काही बोर्डांत हे छिद्र आपोआप श्वास घेतं, काहींत स्क्रू असतो. स्क्रूवाला घेतलात तर गाडीवर नेताना आणि घाट चढताना तो सैल, पाण्यात उतरताना घट्ट. विसरायची गोष्ट आहे, म्हणून मी स्क्रूच्या शेजारी रंगीत चिकटपट्टी लावलेली आहे.

टप्पा ६: दोन्ही चालवून बघा, पण नीट

भाड्याने घेऊन बघणं उत्तम. पण भाड्याचा हवेचा बोर्ड पुष्कळदा ८-१० पीएसआयवर असतो, कारण सकाळी घाईत कुणीतरी फुगवलेला असतो. त्याच्यावर तुम्ही डुगडुगता आणि घरी येऊन सांगता की हवेचे बोर्ड टाकाऊ. आधी गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, लावून बघा, नाहीतर पंप मागून स्वतः १५ पर्यंत न्या.

दोन्ही बोर्ड एकाच दिवशी, एकाच पाण्यावर, शक्यतो सारख्या रुंदीचे घ्या. ३० इंची हार्ड आणि ३४ इंची हवेचा अशी तुलना करून काही हाती लागत नाही. प्रत्येकावर निदान २० मिनिटं द्या आणि हे करा:

१. एका बाजूने सलग पाच फटके मारा. बोर्ड किती भरकटतो ते बघा.
२. वाऱ्याच्या तोंडावर शंभर मीटर जा.
३. मधोमध उभं राहून गुडघे हलकेच वाकवा-सरळ करा. पायाखाली बोर्ड उसळतोय का?
४. खोल पाण्यात मुद्दाम पडा आणि परत चढा. पोट टेकवून, पाय मारून, बाजूने.

चौथी गोष्ट लाजेपोटी कुणी करत नाही आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हवेच्या बोर्डची जाड कड ओल्या अंगाने चढायला काहींना अवघड जाते. दमलेले असताना, थंडीत, एकटे असताना चढता आलं नाही तर बाकी गुणांचा उपयोग नाही.

टप्पा ७: जुना घेत असाल तर

हार्ड: वजन करा. वजनकाट्यावर आधी तुम्ही, मग बोर्ड घेऊन तुम्ही. मूळ वजनापेक्षा एक-दोन किलो जास्त भरला तर आत पाणी आहे. उभं राहायच्या जागी अंगठ्याने दाबत जा, मऊ जागा सापडली तर सोडा. बोटाच्या पेराने टकटक करा. आवाज एका जागी अचानक बद्द झाला तर तिथला थर सुटलाय. वरवरचे टवके चालतात, पण आतला पांढरा फोम उघडा पडलेला चालत नाही.

हवेचा: विकणाऱ्याला सांगा, आदल्या दिवशी याच वेळी १५ पीएसआयला फुगवून सावलीत ठेवा. चोवीस तासांनी तुम्ही गेज लावा. एखादा पीएसआय इकडेतिकडे चालेल. वरच्या किंवा खालच्या सपाट भागावर उंचवटा दिसला तर आतले दोरे तुटलेत. ते दुरुस्त होत नाहीत, किती का स्वस्त असेना.

टप्पा ८: हवेचा बोर्ड पहिल्यांदा फुगवताना

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो आणि "बोर्ड खराब निघाला" अशा तक्रारींतल्या निम्म्या तरी इथल्या असतात. म्हणून सावकाश.

१. सावलीत, खडे नसलेल्या जागी बोर्ड पूर्ण उलगडा. खाली टॉवेल किंवा चटई.

२. व्हॉल्व्हचं झाकण फिरवून काढा. मधे एक स्प्रिंगची खुंटी दिसेल. खुंटी वर आलेली म्हणजे हवा आत जाते, बाहेर येत नाही. खुंटी दाबून फिरवली की ती खालीच राहते आणि हवा सुटते. फुगवताना खुंटी वरच हवी. ही एक गोष्ट न बघता लोक दहा मिनिटं पंप मारतात, नळी काढतात आणि सगळी हवा फुस्स करून तोंडावर येते. मीही केलंय, माणसांसमोर.

३. खुंटीभोवती वाळूचा कण नाही ना बघा. एक कण पुरतो रात्रभर हवा गळायला.

४. नळी बसवून फिरवून घट्ट करा. तिच्या टोकाला रबराची चकती असते, ती जागेवर आहे का पाहा. नळी लावल्यावर फिसफिस येत असेल तर बहुतेक वेळा तीच पडलेली असते.

५. पंप दुहेरी पद्धतीवर ठेवा, म्हणजे वर ओढतानाही हवा जाईल आणि खाली दाबतानाही. पाय पंपाच्या पट्टीवर, पाठ सरळ, वजन दंडांऐवजी अंगाचं टाका.

६. काटा हलत नाही म्हणून थांबू नका. हिशेब असा: बोर्ड ३०० लिटरचा असेल तर पहिली ३०० लिटर हवा नुसता आकार भरते, दाब शून्यच राहतो. १५ पीएसआय म्हणजे वातावरणाच्या दाबाएवढाच आणखी एक दाब. म्हणून पुढे जवळपास तेवढीच हवा पुन्हा घालावी लागते. एका फटक्याला दोन लिटर देणारा पंप असेल तर एकूण ३०० फटके, आणि त्यातल्या निम्म्यांपर्यंत काटा मेल्यासारखा पडून. गेज बिघडलेलं नसतं.

७. ७-८ पीएसआयला हात जड पडला की पंपाची छोटी बुचं काढून किंवा कळ फिरवून तो एकेरी पद्धतीवर आणा. आता फक्त दाबताना हवा जाईल.

८. १२ पासून पुढचे तीन पीएसआय खरे कष्टाचे. इथेच बहुतेक जण "झाला की कडक" म्हणून सोडतात. बोटाने दाबून १० आणि १५ मधला फरक कळत नाही, उभं राहिल्यावर कळतो. उत्पादकाने बोर्डवर छापलेल्या आकड्यापर्यंत न्या, बहुधा तो १२ ते १८ मधे असतो.

९. नळी फिरवून झटकन काढा. एक छोटा फुस्स येईल, तो नळीतला. लगेच झाकण लावा.

तपासा: झाकणाभोवती साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर बोर्डसोबत मिळालेल्या व्हॉल्व्हच्या पान्याने तो थोडा आवळा. नव्या बोर्डातली गळती पुष्कळदा एवढ्यानेच थांबते.

इशारा: फुगवलेला बोर्ड उन्हात काठावर सोडून जेवायला जाऊ नका. २० अंशाला भरलेले १५ पीएसआय, बोर्ड ५० अंशांपर्यंत तापला की १८ च्या आसपास जातात. गडद रंगाचा बोर्ड तेवढा सहज तापतो. थांबायचं असेल तर सावलीत न्या किंवा दोन-तीन पीएसआय सोडा. उलट, भर उन्हात भरलेला बोर्ड थंड पाण्यात टाकला की दाब दोनेक पीएसआयने उतरतो. ती गळती नव्हे. पाण्यात पाच मिनिटं ठेवून मग शेवटचा पंप मारा.

टप्पा ९: हार्ड बोर्ड पहिल्यांदा गाडीवर बांधताना

फिन काढा. दांड्यांवर मऊ वेष्टन. बोर्ड उलटा, म्हणजे उभं राहायची बाजू खाली. बकलने ओढून बसणारे साधे पट्टे वापरा. कटकट आवाज करत आवळणारे, मालवाहू गाड्यांवरचे पट्टे नकोत, त्यांचा जोर कळत नाही आणि कड चिरडते. बकल बोर्डवर आपटणार नाही असं बघा. पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर वेग घेतल्यावर तो असा भणभणतो की गाडीत बोलता येत नाही. दहा मिनिटं गाडी चालवून थांबा आणि पट्टे पुन्हा तपासा.

टप्पा १०: फिन आणि वल्हं, दोन्ही बोर्डांना

फिनचं वळलेलं टोक मागे. बोर्ड पाण्यात सरळ जायलाच तयार नसेल तर आधी फिन उलटा लागलाय का बघा. गुंडाळून ठेवल्याने हवेच्या बोर्डचे बाजूचे मऊ फिन वाकले असतील तर गरम पाणी ओतून हाताने सरळ धरा आणि गार होऊ द्या.

वल्ह्याची लांबी तुमच्या उंचीपेक्षा साधारण २० ते २५ सेंटिमीटर जास्त. पातं पुढच्या बाजूला कललेलं हवं. चमच्यासारखं पाणी ओढायला उलट धरणारे दर काठावर दिसतात. जाड हवेच्या बोर्डवर तुम्ही पाण्यापासून थोडे उंच उभे असता, म्हणून तिथे दोन-तीन सेंटिमीटर वाढवा.

ठेवणं आणि दुरुस्ती

खाऱ्या पाण्यातून आल्यावर दोन्ही बोर्ड गोड्या पाण्याने धुवा. व्हॉल्व्ह झाकण लावूनच. हवेचा बोर्ड दरवेळी एकाच घडीवर दुमडू नका आणि पिशवीत कोंबू नका, सैल गुंडाळा. महिनाभर वापरणार नसाल आणि जागा असेल तर थोडी हवा भरून पसरून ठेवलेला जास्त बरा.

हार्ड बोर्डला टवका गेला तर तो दिवस संपला, पुन्हा पाण्यात नको. आतला फोम पाणी पितो. तात्पुरती, पाणी आत जाऊ न देणारी चिकटपट्टी लावून काठावर या, आठवडाभर वाळवा, घासा आणि मग इपॉक्सीने भरा. हातात पॉलिएस्टर रेझिनची बाटली असेल तर थांबा. त्यातलं द्रावण फोम विरघळवतं. पेराएवढा टवका बुजवायला जाल आणि मुठीएवढं भोक पडेल.

हवेच्या बोर्डला छिद्र पडलं तर साबणाच्या पाण्याने जागा शोधा, हवा काढा, पुसून कोरडी करा आणि ठिगळ लावून चोवीस तास दाबून ठेवा. दोन तासांत फुगवलं की ठिगळ सुटतं. आणि बोर्ड घरी आल्या दिवशीच दुरुस्तीची डबी उघडून बघा. बऱ्याच डब्यांत ठिगळं असतात, गोंद नसतो.